रास्ता रोकोच्या दिवशी

सकाळी 6
पहिला फोन वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातून. "वकीलसाहेब, रातीच घरी आले होते. नोटीसवर सही घेऊन गेले. आता मले जाता येते का नाही?" नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची, म्हणजे जुन्या 149 ची. मजकूर छापील, नाव आणि तारीख तेवढी पेनाने भरलेली: कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. मी सांगतो, भाऊ, ही समज आहे, बंदी नाही. जा. शांततेत बसा. रुग्णवाहिका आली की आधी वाट द्या.

सकाळी 8
निवेदनाचा मसुदा शेवटचा वाचून घेतो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. बाजार समितीत दर त्याच्या बराच खाली. मे 2025 च्या अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. 2021 साली सोयाबीन दहा हजारांच्या घरात असताना 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली होती. यातल्या एकाही निर्णयाआधी वाशीमच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही.

खुला व्यापार मुळातच वाईट, असं मी मानत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यांपुढे उभं राहून व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाची बाजू मांडली होती. पण ते निर्यातबंदीच्याही तितकेच विरोधात होते. भाव चढला की निर्यात बंद आणि आयात मोकळी, हा खुला व्यापार नव्हेच. हे रस्त्यावर येऊन सांगायचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिला आहे. त्यावर बंधनं घालता येतात, पण ती वाजवी असावी लागतात.

सकाळी 10
महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश लागू असल्याचं कळतं. हा आदेश एका वेळी पंधरा दिवसांचा. संपला की पुढच्या पंधरवड्याचा निघतो, आणि अपवाद म्हणून दिलेला अधिकार बारमाही होऊन बसतो.

सकाळी 11:30
अकोला-हिंगोली महामार्ग. एका शेतकऱ्याने सोयाबीनचं पोतं डांबरावर उपडं केलं. समोर बंदोबस्तातला तरुण शिपाई, हातात लाठी, डोक्यावर हेल्मेट. त्याने वाकून दोन दाणे उचलले, दाताखाली धरले आणि म्हणाला, "काका, ओल हाय अजून. बाराच्या वर भरन. केंद्रावर घेत नाहीत." काका म्हणाले, "म्हणूनच त इथं आणलं, बाबू." शिपाई काही बोलला नाही. त्याच्या घरीही याच पिकाचं पोतं असणार. वीस मिनिटांनी शिट्टी वाजली आणि त्याच पोराने काकांना दंडाला धरून गाडीत बसवलं. हात हलका होता, हे मी पाहिलं आणि मला ते नोंदवावंसं वाटतं. सगळीकडे असं होत नाही. 1999 साली अमेरिकेत सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध लोक उतरले, तेव्हा पोलिसांनी रस्त्यात बसलेल्यांवर अश्रुधूर सोडला. पोलीसप्रमुख नॉर्म स्टँपर यांना पद सोडावं लागलं, आणि अश्रुधूर सोडणं ही आपली चूक होती हे त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

दुपारी 1 ते 5
सगळे पोलिसांच्या मैदानावर, मंडपाखाली. नाव, वय, आधार, मोबाइल, फोटो. चहा येतो.

संध्याकाळी 6
"ताब्यात घेऊन सुटका", एवढीच बातमी उद्या छापून येईल. खरं ओझं इथून पुढे सुरू होतं. गुन्हा दाखल: भारतीय न्याय संहितेचं 223, 126(2), शिवाय पोलीस अधिनियमाचं 135. यादीत एक पोरगा आहे, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा. बापाला सोबत म्हणून आला होता. त्याचा एकच प्रश्न: "सर, चारित्र्य पडताळणीत हे निघन का?" निघेल, हे त्याला सांगावं लागलं. आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात. पण समिती, शिफारस, कोर्टाची परवानगी यात वर्षं जातात आणि भरतीचं वय थांबत नाही. शिक्षा होवो न होवो, पुढच्या वेळी हा पोरगा घरीच बसेल. माझ्या मते मतभेद असाच मोडला जातो, लाठीपेक्षा जास्त कागदाने.

रात्री 9
दोघांवर चाप्टर केस, म्हणजे शांततेचं हमीपत्र मागणारी प्रतिबंधक कारवाईही, टाकली आहे. उद्या तालुका दंडाधिकाऱ्यांपुढे तारीख. उत्तराला आधार माजलगावच्या निकालाचा. बीड जिल्ह्यातल्या कलम 37 च्या आदेशावर बोट ठेवून तिथे धरण्याला परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला. आदेश वरवर सर्वांसाठी असला तरी रोख आंदोलकांवर होता, आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्या निकालाच्या तीन प्रती काढतो: एक दंडाधिकाऱ्यांना, एक ठाणेदारांना, एक त्या पोराच्या बापाला.