कंबर-गुडघे दुखत असतील तर बॅटरीची गाडी कशी निवडायची, कशी चालवायची



आपल्या धंद्यात चाळिशी ओलांडली की कंबर, गुडघा नाहीतर खांदा, एक ना एक दुखणं सोबतीला येतंच. पाण्यात वाकून जाळं ओढायचं, ओला क्रेट उचलून घाटाच्या पायऱ्या चढायच्या, ताईंनी डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायचं. धारकडचा तलाव असो, धरमपुरीला नर्मदा असो की देवास जिल्ह्यात नेमावर असो, गोष्ट तीच. म्हणून सध्या सोसायटीत एकच विचारणा जास्त होते: बॅटरीची सायकल किंवा स्कूटर घेतली तर दुखणं सांभाळून धंदा चालू राहील का?

राहू शकतो. पण गाडी आपलं शरीर बघून घेतली तरच. शोरूममध्ये सगळे आधी किंमत आणि किलोमीटर विचारतात. दुखणाऱ्या माणसाला गाडी चालवताना त्रास कमीच होतो. खरा त्रास चढताना, उतरताना, ढकलताना, स्टँडवर लावताना होतो. तेच आधी बघायचं.

त्याच्याही आधी एक गोष्ट. तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस दुखत असेल तर गाडीचे पैसे काढण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. पायात जोर राहिला नाही, पाऊल जमिनीवर घासतंय, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय असं झालं तर गाडीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तसंच, दुखण्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, विशेषतः नसांच्या दुखण्यावरच्या. गोळी नवीन असेल किंवा डोस वाढवला असेल तर या गोळीवर गाडी चालवू का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं. लाजायचं नाही.

आता गाड्यांकडे येऊ. देवासात एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. बॅटरीच्या दुचाकींतही तशा दोन पाती समजा. धाकटी पाती म्हणजे मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. तिला नंबरप्लेट नको, लायसन नको. बॅटरीच्या बहुतेक सायकली आणि काही हलक्या स्कूटर यात येतात. थोरली पाती म्हणजे त्याहून मोठी स्कूटर. तिला नोंदणी, लायसन, विमा, हेल्मेट सगळं लागतं. हेल्मेट तर धाकट्या पातीवरही घाला, डोकं काही 25 च्या आत फुटायचं थांबत नाही. काही दुकानदार कागदावर 250 वॅट दाखवून 45 च्या वेगाने पळणारी गाडी देतात आणि वर कौतुकाने सांगतात. तशी घेऊ नका. ती कायद्याने मोटारगाडीच ठरते. उद्या अपघात झाला की तुमच्याकडे ना लायसनचा कागद, ना विम्याचा.

बॅटरीची गाडी आपल्या भागाला अगदी नवखी नाही. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरलाच कायनेटिक होंडा बनायची. बटण दाबलं की सुरू, किक मारायची गरज नाही, गिअर नाही. ज्यांचा गुडघा किक मारू देत नव्हता त्यांना त्या स्कूटरचं मोल तेव्हाच कळलं होतं. 2022 च्या जानेवारीत महिंद्रा आणि हीरो इलेक्ट्रिक यांनी त्याच पीथमपुरात बॅटरीच्या स्कूटर बनवायचा करार जाहीर केला. तरी कारखाना शेजारी असला म्हणून मेकॅनिक शेजारी असतोच असं नाही. कुठलीही कंपनी असो, धार, कुक्षी, देवास किंवा खातेगावला दुरुस्ती कोण करतो आणि बॅटरी-कंट्रोलर किती दिवसांत मिळतो हे विचारूनच पुढे जा.

सायकल घ्यायची असेल तर मधला दांडा खाली असलेली घ्या. पाय मागून फिरवून चढायचं म्हटलं की कंबर आणि खुब्याला झटका बसतो, मागे पेटी बांधलेली असेल तर विचारूच नका. साडी नेसणाऱ्या ताईंना तर दुसरा पर्यायच नाही, आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्या. हँडल उंच हवं, म्हणजे पाठ सरळ राहते आणि मनगटावर भार येत नाही. सीट फार खाली ठेवू नका. पडायची भीती वाटते म्हणून बरेच जण ती तळाला नेतात, मग प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे कळ येते. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. भीती वाटत असेल तर सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवा आणि हात बसला की बोटभर-बोटभर वर न्या. टायर जरा रुंद असू द्या आणि हवा दगडासारखी भरू नका. खड्ड्यातला दणका सरळ मणक्यात जातो, तो अर्धा टायरनेच खाल्ला पाहिजे.

मोटर कधी मदत करते हेही बघायचं. काही सायकलींत पॅडल नुसतं फिरलं की मोटर सुरू होते. पायाला जोर लागत नाही, पण सुटताना हिसका बसतो. काहींत तुम्ही जितका जोर द्याल त्या मापाने मोटर जोर देते. ती चाल गुळगुळीत असते, पण गुडघ्याला थोडं काम करावंच लागतं, आणि ती महागही असते. दुखरा गुडघा कशावर खूश राहील हे आम्ही इथे बसून सांगू शकत नाही. दोन्ही प्रकार चालवून बघा. हातानं रेस देण्याची सोय असेल तर ती अंगठ्याने दाबायची आहे की मूठ पिळायची आहे तेही बघा. जाळं ओढून ओढून ज्यांचं मनगट गेलंय त्यांना मूठ पिळणं जड जातं.

स्कूटर घेणाऱ्यांनी वजन तपासायचं. बहुतेक बॅटरीच्या सायकली 20 ते 25 किलोच्या असतात, स्कूटर शंभरच्या आसपास आणि पुढेही जातात. शोरूममध्ये स्वतःच्या हाताने ती मोठ्या स्टँडवर चढवून, उतरवून, उलटी ढकलून बघा. कंबर बोलली तर ती गाडी तुमची नाही, किंवा मग कायम साइड स्टँड वापरायचा. काही स्कूटरना मागे जायची सोय असते, उताराच्या घाटावर ती फार कामाची. बॅटरी काढून घरात न्यायची असेल तर तीही उचलून बघा. स्कूटरची बॅटरी आठ-दहा किलोची असू शकते, आणि ती वाकून, अवघडलेल्या कोनात ओढायची असते. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी गाडीतच चार्ज होणारी घ्यावी आणि ओसरीत पक्कं सॉकेट बसवून घ्यावं. ओल्या जागी लोंबकळणारी एक्स्टेन्शनची वायर चालणार नाही.

बॅटरी नवीन नियमांची आहे ना, हेही विचारा. 2022 साली देशभर बॅटरीच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस 156 हा बॅटरीचा नियम कडक झाला. मे महिन्यात मंडीवरून तापलेली गाडी आणली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी सावलीत निवू द्या.

किलोमीटरचा हिशेब सोपा आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॅट-अवर. हलकं पॅडल मारत सायकल किलोमीटरला साधारण 10 ते 15 वॅट-अवर खाते, म्हणजे 24 ते 36 किलोमीटर. त्यात मासळीची पेटी, चढ आणि समोरून वारा धरला की खालचाच आकडा खरा माना. कंपनीचा आकडा चांगल्या रस्त्यावरचा असतो. आपला घाटावरचा रस्ता काही पीथमपूरचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक नाही. यात दुखणेकऱ्याची खास अडचण अशी की चार्ज मध्येच संपला तर 25 किलोची सायकल ओढत घरी यायची. धडधाकट माणसाला तो वैताग वाटेल, तुमची मात्र आठवडाभराची कंबर जाईल. म्हणून रोजच्या अंतराच्या दुप्पट पल्ला धरून बॅटरी घ्या.

चढाचंही तसंच. धार माळव्याच्या पठारावर आणि धरमपुरी खाली नर्मदेकाठी, मध्ये विंध्याचा उतार. 250 वॅटची सायकल तो उतार पेटीसकट चढवेल या भरवशावर राहू नका, आणि गणपती घाटासारख्या हायवेच्या उतारावर तर तिला नेऊच नका, तिथे ट्रकचेच ब्रेक जातात. ही गाडी घर, घाट आणि जवळची मंडी एवढ्यासाठी. नदीच्या वाळूत, चिखलात उतरवू नका, वर पक्क्या जागी ठेवा. ढकलताना हळूहळू स्वतः चालणारी सोय सायकलला असली तर उत्तम.

पेटी कॅरिअरवर उंच बांधू नका. जितकी खाली आणि मागच्या चाकाच्या जवळ, तितकी गाडी कमी डुलते आणि तोल सांभाळताना पाठ कमी आखडते. कॅरिअरवर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं, ते पाळा. बर्फाचं पाणी मोटरवर किंवा वायरच्या जोडावर गळायला नको. ज्यांचा तोलच जातो त्यांनी तीनचाकी बघावी, त्यात कमीपणा कसला?

आता चालवण्याबद्दल. आमच्या मते इथेच जास्त लोक फसतात. बॅटरी असल्यामुळे पहिल्या दिवशी काहीच दुखत नाही. मग माणूस तीन खेपा करतो, जुन्या सवयीने दोन क्रेट जास्त घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठता येत नाही. गाडी कोपऱ्यात जाते आणि घरात म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

उलटीकडून सुरुवात करा. तुमच्या वाईट दिवशीसुद्धा दुसऱ्या सकाळी दुखणं न वाढवता किती मिनिटं चालवता येतं ते शोधा. दहा मिनिटं असतील तर दहाच. आठवडाभर तेवढंच, बरं वाटलं तरीही. पुढच्या आठवड्यात अकरा-बारा. चालवताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीवर आलं तर ठीक. चोवीस तासांनंतरही वाढलेलंच असेल तर एक पायरी मागे या, सगळं सोडून पडून राहू नका. जुन्या कंबरदुखीला नुसती विश्रांती उलटी पडते, झेपेल तेवढं हलत राहावं असंच आता डॉक्टर सांगतात. कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात देवासला आले, काही वर्षं गाणं बंद होतं, मग पुन्हा गायला लागले ते आपल्या श्वासाच्या बेताने. आपल्यालाही शरीराचा बेत असाच सांभाळायचा आहे.

मोटरची मदत पहिल्यापासून जास्त ठेवा. काही जण व्यायाम होईल म्हणून कमीवर चालवतात आणि जाताना चार्ज वाचवतात. जाताना पेटी रिकामी, अंग ताजं. येताना पेटी भरलेली, अंग थकलेलं. शरीर आणि चार्ज दोन्ही परतीसाठी राखायचं आहे हे आधीच ठरवून निघा.

सराव सुरू करायला आपल्याकडे आयती वेळ आहे. 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पाऊस उघडेल त्या दिवशी, वजनाशिवाय, ओळखीच्या रस्त्यावर. बंदी उठली की पहिल्याच दिवशी सगळ्यांना पूर्ण जाळं टाकायचं असतं, त्या आठवड्यात गाडी शिकायला जाऊ नका. पहिल्या पंधरवड्यात खेपा वाढवायच्या असतील तर वजन अर्धं ठेवा, वजन वाढवायचं असेल तर खेपा तेवढ्याच.

धाकट्या पातीच्या गाडीला विमा सक्तीचा नाही, म्हणून 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा तेवढा चालू ठेवावा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख.

शोरूमला जाताना एकटे जाऊ नका. नेहमीच्या वजनाची भरलेली पेटी सोबत न्या, ती बांधूनच चक्कर मारून बघा, आणि त्या दिवशी पैसे देऊ नका. दुसऱ्या सकाळी कंबर काय म्हणते ते बघून ठरवा. दोन-चार सभासद मिळून जाणार असाल तर कार्यालयात सांगा, पेटी आणि वजनकाटा आम्ही देऊ.