सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

मराठीतले आरंभीचे मोठे ग्रंथ एकहाती झालेले नाहीत. ज्ञानेश्वरी प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ग्रंथाच्या अखेरीस ही दोन्ही कामे दोघांच्या नावे वेगवेगळी नोंदलेली आहेत. निरूपण करताना ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसले असे परंपरा मानते, तो ‘पैस’ नेवाशात आजही पाहायला मिळतो.

सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ समोर बसलेल्यांना सांगितलेला आहे, हे वाचताना जाणवत राहते. वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो, विषयांतर झाले की स्वतःला आवरतो; मध्येच निवृत्तिनाथ ‘पुरे, आता मूळ विषयावर ये’ अशा अर्थाचे सुचवतात. श्रोत्यांशी चाललेली ही देवाणघेवाण लिहिताना गाळली गेली नाही, म्हणूनच तत्त्वज्ञान असूनही ग्रंथाला कथेची ओढ आहे. पुढे नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद जोडली.

महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ याच्याही थोडे आधीचे, आणि सहलेखनाच्या दृष्टीने त्याहून धाडसी. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याच्यासमोर प्रसंग घडला, त्याच्याकडे जायचे, त्याच्या तोंडून तो ऐकायचा आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचा, अशी त्यांची रीत. प्रसंग कुठे घडला, तेव्हा कोण हजर होते, याला लीळेत महत्त्व आहे. मूळ पोथी खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली. मग अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ जुळेनात. हिराइसेचा एक, परशरामबासांचा दुसरा, रामदेवांचा तिसरा. अशा पाठांना ‘वासना’ म्हणतात. एकच खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी पोथ्यांनी ते शेजारीशेजारी नोंदवले. इतका प्रामाणिकपणा आधुनिक चरित्रांतही क्वचितच सापडतो. याच सामग्रीतून केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ बांधला. पुढे हे वाङ्मय सांकेतिक लिपींत बंद राहिले, म्हणून विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या वाचकाला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरी तऱ्हा नेवाशाशेजारच्या राहुरी तालुक्यात ताहराबादला दिसते. महिपतींनी (१७१५–१७९०) ‘भक्तिविजय’ शके १६८४ मध्ये पूर्ण केला. इथे लेखक एकच, पण सामग्री आधीच्यांची: उत्तरेकडचे नाभाजी आणि मराठीतले उद्धवचिद्घन यांचे ऋण महिपती उघड मानतात. हिंदीतून आलेली संतकथा त्यांनी कीर्तनाला सोयीच्या ओघवत्या ओवीत आणली. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान रंगवताना त्यात आपली भर घालतो. महिपतींच्या कथा त्यामुळे दर सादरीकरणात थोड्या बदलत राहिल्या.

आज नामवंतांच्या आत्मकथनांत ‘शब्दांकन’ करणाऱ्याचे नाव पुष्कळदा आतल्या पानावर बारीक टाइपात जाते. ज्याने तासन्‌तास ऐकले, क्रम लावला, बोलीचा बाज सांभाळला, त्याचे नाव मुखपृष्ठावरच असायला हवे.