सांदवाडीतली बॅटरीची करवत

संत्र्याची तोड संपली की झाड खरं कसं आहे ते दिसतं. फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्या वर उठतात आणि मधली वाळलेली काडी उघडी पडते. आमच्याकडे तिला सल म्हणतात. तिगावातल्या आमच्या घरामागे सांदवाडीत संत्र्याची चार झाडं आहेत, शिवाय एक कडुनिंब, एक शेवगा, बोर आणि कुंपणाला लागून कागदी लिंबू. शेतातल्या बगीच्याची सल मजूर लावून निघते. घरामागच्या चार झाडांसाठी कोणी मजूर येत नाही, आणि बोलावला तरी येतो तो कुऱ्हाड घेऊन. त्यामुळे वर्षानुवर्षं ही झाडं सल वागवत उभी होती.

दोन वर्षांपूर्वी मी बॅटरीवर चालणारी लहान चेन सॉ आणली. पट्टी चार इंचांची, बॅटरीसकट वजन दीड किलोच्या आसपास. शेजारच्या काकाजींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हे खेळणं कायले आणलं बाप्पा?" गावात आता तिला कोणी कटर म्हणतं, कोणी बॅटरीची करवत, दुकानदार हिंदीत मिनी चेनसॉ म्हणतो. २०२३ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके निघून आमचा वेगळा जिल्हा झाला, तरी कागद हिंदीत आणि घर मराठीत ही आमची रीत तशीच आहे. मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक हिंदी-इंग्रजीत होतं. बाबांना मी ते मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता मलाच ते मशीन समजलं.

तिचा जीव आहे चेनमध्ये. पट्टीच्या कडेला खाच असते, त्या खाचेतून चेन धावते. मोटर मागची दातेरी चकरी फिरवते आणि चकरी चेनला ओढते. चेनवर एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असे आळीपाळीने बसवलेले असतात. हा दात आपल्या हातकरवतीच्या दातासारखा नसतो. तो सुताराच्या रंध्यासारखा आहे. त्याच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल जायचं ते तो ठरवतो. मग दात तेवढी ढलपी सोलून बाहेर फेकतो. म्हणून धार आहे की गेली, हे दाताकडे न बघताही कळतं. खाली ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, की थांबून गोल कानस हातात घ्यावी. दाताच्या मूळ तिरकस कोनानेच, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. एका बाजूला जास्त मारले तर काप वाकडा जातो.

हा दात सुचला तो एका अळीवरून. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्या काळातल्या चेनचे दात लाकूड ओरबाडायचे, पटकन बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावण्यातच बराच वेळ जायचा. १९४६ साली एका लाकडाच्या बुंध्यात भुंग्याची अळी पोखरताना त्याला दिसली. ती आडवी-उभी कशीही सहज पुढे सरकत होती, कारण तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत होते. कॉक्सने तसाच दात घडवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंड शहरात घराच्या तळघरातून त्या चेनची विक्री सुरू केली. आज जगातली बहुतेक चेन त्याच घडणीची आहे. साल खाणारी अळी आमच्या संत्र्याच्या खोडावर जाळी करते, तिला आम्ही शिव्या देतो आणि भोकात तार घालून मारतो. कॉक्स मात्र तिच्या जातभाईसमोर बसून राहिला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. बॅटरीची करवत ही पेट्रोलच्या मशीनची धाकटी, नाजूक आवृत्ती आहे असं आपण समजतो. पण जर्मनीत श्टुटगार्टमध्ये आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली आपली पहिली चेनची करवत बनवली ती विजेवरच चालणारी होती. वजन इतकं, की ती चालवायला दोन माणसं लागत, आणि जंगलात वीज कुठून आणायची हा प्रश्न. म्हणून तीन वर्षांनी पेट्रोलचं इंजिन आलं आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तेच राहिलं. दोरी ओढा, ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरा, धूर सोसा, चार-पाच किलोचं धूड पेला. वीज परत आली ती लिथियम-आयन बॅटरीमुळे. १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आली, तिच्या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. मोबाइल, सायकल, ई-रिक्षा असं करत करत तीच बॅटरी आमच्या सांदवाडीत आली.

बॅटरीच्या बाबतीत मी एकदा फसलो. पहिलं मशीन स्वस्तात घेतलं होतं, खोक्यावर ४८ असा मोठा आकडा छापलेला. दोन महिन्यांत बॅटरी मेली. पांढुर्ण्यातल्या एका कारागिराने ती उघडली तर आत पाच सेल निघाले. लिथियमचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे पाचांचे २१, आणि चालताना सरासरी १८. अठ्ठेचाळीस व्होल्ट त्यात बसूच शकत नाहीत. तेव्हापासून मी खोक्यावरचा आकडा वाचत नाही. सेल किती आणि अँपिअर-तास किती, एवढंच विचारतो. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. एका युनिट विजेत अशी बॅटरी पंचवीसेक वेळा भरते. विजेचा खर्च जवळपास नाहीच. खर्च आहे तो बॅटरीच्या आयुष्याचा.

आणि ते आयुष्य आमच्याकडे मे महिन्यात ठरतं. नागपूर-पांढुर्ण्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, टिनाच्या खोलीत त्याहून वर. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. काम करून गरम झालेली बॅटरी तशीच चार्जरला लावली तर ती महिन्यामहिन्याने खंगते. आम्ही ती माठाच्या खोलीत ठेवतो, थंड झाली की रात्री चार्ज करतो आणि उन्हाळाभर काम नसेल तेव्हा अर्धी भरून ठेवतो.

आता कामाकडे येतो, कारण मशीनची खरी परीक्षा झाडावर होते.

संत्र्याची सल काढताना वाळलेल्या भागासोबत सुमारे दोन सेंटीमीटर हिरवा भागही कापायचा असतो, म्हणजे रोग मागे राहत नाही. कुऱ्हाडीने हे दोन सेंटीमीटर साधत नाहीत. कुऱ्हाड जिथे बसेल तिथे बसते. एक तर खुंट राहतो, नाही तर खोडाची साल सोलून निघते. आमच्या जुन्या झाडांवर असे वीतभर खुंट अजून आहेत. ते वाळले, त्यातून पाणी मुरलं, आत सड गेली. लहान करवतीने मी पहिल्यांदा एक मनगटाएवढी फांदी काढली तेव्हा काप गुळगुळीत होता, आतलं लाकूड पिवळसर ओलं दिसत होतं आणि संत्र्याच्या पानाचा वास सुटला होता. बाबांनी कापावरून अंगठा फिरवला. "असा काप माह्या हातून कधी झाला नाही," एवढंच म्हणाले. त्यांचा उजवा खांदा गेली सहा वर्षं वर उठत नाही. त्यानंतर लिंबाची छाटणी त्यांनी स्वतः केली, जमिनीवर उभं राहून, दोन्ही हातांत मशीन धरून.

जाड फांदी एका कापात काढू नये. आधी खोडापासून वीतभर दूर खालून थोडा काप घ्यायचा. मग त्याच्याही थोडं पलीकडे वरून कापायचं; फांदी पडते, पण साल सोलत खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं तसंच ठेवून, त्याच्या अगदी बाहेरून कापायचं. हे कडं इतकं मोलाचं का, ते अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी दाखवलं, तेही चेन सॉच्याच मदतीने. पूर्वी झाडाचे आडवे काप पाहत. एका माणसाला पेलेल अशी चेन सॉ हाती आल्यावर त्यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालून सड अडवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून तिला झाकतं. ती भिंत उभी राहते त्या कड्याजवळ. कडंच कापून टाकलं तर झाडाची ती सोयच जाते.

काप झाला की बोर्डो मलम. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी हे बगीच्याचं प्रमाण. घरच्या चार झाडांना शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडाच्या नाही, आणि मग एकत्र करायचं. त्यात लखलखीत लोखंडी पातं बुडवून पाहावं. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा. डिंक्या रोग लागलेल्या झाडावरून चांगल्या झाडावर जाताना चेन पुसून निर्जंतुक केली पाहिजे, आणि नंतर तेलाचे थेंब सोडले पाहिजेत, नाही तर गंज चढतो. लहान मशीनमध्ये बहुधा तेलाची टाकी नसते. दर काही कापांनंतर हाताने तेल सोडणं हे काम विसरलं, की पट्टी तापून निळी पडते.

काकाजी तिला खेळणं म्हणाले, ते माझ्या मनात राहिलं. धोका तिथेच आहे. पेट्रोलचं मशीन सुरू झालं की आवाजानेच माणूस सावध होतो, मुलं लांब पळतात. ही मात्र घोड्यावर बोट दाबलं की किंचित गुणगुणते. म्हणून लोक एका हाताने फांदी धरतात आणि दुसऱ्या हाताने करवत चालवतात. मीही धरली होती. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला लागला आणि मशीन उसळून माझ्या मनगटाजवळून गेलं. शर्टाची बाही फाटली, हात वाचला. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की चेन पट्टीला मागे आणि वर फेकते, हा तिचा धर्मच आहे. मोठ्या मशीनला अशा वेळी चेन थांबवणारा ब्रेक असतो, या लहानांना बहुतेक वेळा नसतो.

तिच्या मर्यादाही आहेत. चार इंच पट्टीला अडीच-तीन इंचांची फांदी झेपते. वाळकी बाभूळ तिला दमवते. शेवग्याचं लाकूड मऊ, पण फांदी अचानक मोडते, तिच्याखाली उभं राहू नये. कडुनिंबाची मोठी फांदी विजेच्या तारेकडे झुकली असेल तर ते काम आपलं नाही, वीजवाल्यांचं आहे. आणि झाड पाडणं हे तर तिचं कामच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमारीचा, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचा, पळस उभा करतात, तो आजही कुऱ्हाडीनेच तुटतो. घरी सरपण फोडायलाही आम्हाला कुऱ्हाडच लागते. ती दाराआड आहे तिथेच आहे.

यंदा पावसाळ्यात मी त्या पहिल्या कापाकडे पुन्हा पाहिलं. कडेने नव्या सालीची गोल वळी चढली आहे, बोटाएवढी जाड. मधलं लाकूड कोरडं आणि टणक आहे.

दोन-पाच हजारांत हे मशीन मिळतं. घेणार असाल तर त्याच दिवशी डोळ्यांसाठी चष्मा आणि हातमोजे घ्या. उपरणं, पदर, ओढणी आधी खोचा. शिडीवर चढून चालवू नका. आणि चेनला हात लावायच्या आधी, प्रत्येक वेळी, बॅटरी काढून बाजूला ठेवा.