आकाशकंदिलातले सप्तर्षी उलटे का झाले?

गेल्या दिवाळीत भाचीबरोबर पुठ्ठ्याचा आकाशकंदील केला. एका बाजूवर सप्तर्षींचा नकाशा चिकटवला, दाभणाने सात छिद्रं पाडली, आत छोटा एलईडी लावला. खोलीत अंधार केल्यावर भिंतीवर सात ठिपके उमटले. भारी वाटलं! पण नरक चतुर्दशीला पहाटे गच्चीवरून ईशान्येकडचे खरे सप्तर्षी बघून ती म्हणाली, "मावशी, आपल्या सप्तर्षींची शेपटी उलट्या बाजूला वळलीये." बरोबर होतं तिचं.

कारण साधं आहे. कंदील आपण बाहेरून बघतो, आकाश मात्र आतून. कंदिलावर बाहेरून सरळ दिसणारी आकृती भिंतीवर पडते, तेव्हा तिची डावी-उजवी बाजू बदलते. म्हणून आधी ठरवा, बघणारा कुठे आहे? कंदिलाकडेच बघायचं असेल तर नकाशा बाहेरून सरळ चिकटवा. भिंतीवर तारे हवे असतील तर आरशात दिसतो तसा उलटा.

मग छिद्रांचं माप. अंगिरसाची दृश्यप्रत १.८, अत्रीची ३.३. प्रत एकने वाढली की तेज सुमारे अडीच पटीने घटतं, म्हणजे दीडच्या फरकाला जवळपास चौपट. छिद्रातून येणारा प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. त्यामुळे अंगिरसाला ४ मिमीचं छिद्र पाडलं, तर अत्रीला २ मिमीचं पुरे. मुलांना वर्गमूळ सांगायची गरज नाही. "अत्री फिका आहे, त्याचं भोक निम्म्या रुंदीचं" एवढं बास.

एक गोष्ट मात्र हा कंदील दाखवूच शकत नाही, ती म्हणजे अंतर. मधले पाच तारे साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत. टोकाचे क्रतू आणि मरीची १०० च्या पलीकडे. पुठ्ठ्यावर सगळे शेजारी.

संशोधनात तुम्ही जे मॉडेल कराल, त्यालाही हेच तीन प्रश्न विचारा: निरीक्षक कुठे आहे? कोणती राशी प्रमाणात ठेवली? काय सोडून दिलं? उत्तरं पहिल्याच दिवशी वहीत लिहा. मी आमचा कंदील नकाशाशी ताडून पाहिला होता, भाचीने थेट आकाशाशी. चूक तिलाच सापडली.

यंदा करून बघा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, म्हणजे ताडून बघायला चंद्राचा अडथळा नाही.