तीन कार्डांचे देणे: आधी कुठले फेडावे?

दोन-तीन बँकांची क्रेडिट कार्ड बिले एकदम अंगावर आली, की पहिला प्रश्न असतो: आधी कुठले फेडू? त्याआधी एक कंटाळवाणे काम उरकून घेऊ.

कागदावर प्रत्येक कार्डाची एकूण थकबाकी, महिन्याचा व्याजदर, किमान देय रक्कम आणि भरण्याची शेवटची तारीख लिहा. हप्त्यांवर घेतलेला फोन किंवा फ्रिज मात्र इथे हमखास सुटतो. बिलाच्या रकमेत त्याचा फक्त या महिन्याचा हप्ता धरलेला असतो. राहिलेले हप्तेही आपलेच देणे आहेत, तेही मांडा.

समजा, पहिल्या कार्डावर ८०,००० रुपये आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के. दुसऱ्यावर ३५,०००, पावणेचार टक्क्यांनी. तिसऱ्यावर १२,०००, तीन टक्क्यांनी. एकूण १,२७,०००. किमान देय रक्कम म्हणजे विलंब शुल्क टाळण्यापुरते भरायचे पैसे. तिचे सूत्र बँकेगणिक थोडे बदलते. आपण ५ टक्के धरू, म्हणजे तिन्ही मिळून ६,३५० रुपये. आता व्याज पाहा: महिन्याला सुमारे ४,४७३ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,२७८. सहा हजारांवर पैसे भरले आणि मुद्दल उतरले जेमतेम १,०७२ रुपयांनी! वर्षानुवर्षे किमान रक्कम भरणाऱ्यांचे देणे का हलत नाही, ते इथे कळते.

मग कार्डे कपाटात ठेवा, तिन्ही. मागचे बिल पूर्ण भरलेले नसेल, तर नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. अॅपमध्ये साठवलेले कार्डाचे तपशीलही काढून टाका, नाहीतर जेवण मागवताना बोट आपोआप तिथेच जाते. आणि एका कार्डाचे बिल भरायला दुसऱ्यावरून रोख काढू नका. रोखीवर वेगळे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

यानंतर तिन्ही कार्डांची किमान रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. तारीख हुकलीच तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला, तरच विलंब शुल्क लावता येते.

आता क्रम. महिन्याला १२,००० रुपये बाजूला काढता येत असतील, तर किमान रकमा जाऊन ५,६५० उरतात. ही सगळी रक्कम एकाच कार्डावर टाकायची. तिन्हींवर थोडी थोडी वाटली तर एकही लवकर संपत नाही. हिशेबी माणसे सांगतात, सर्वांत महाग व्याजाचे कार्ड आधी. दुसरा पंथ म्हणतो, सर्वांत लहान देणे आधी.

माझे मत लहानाच्या बाजूने आहे, आणि तेही हिशेब करूनच. आपल्याकडे कार्डांचे दर एकमेकांच्या जवळपास असतात. वरच्या उदाहरणात १२,००० रुपयांवर पावणेचार आणि तीन टक्क्यांतला फरक जीएसटीसह महिन्याला १०६ रुपये पडतो. उलट लहान कार्ड दोन-तीन महिन्यांत संपते, त्याची ६०० रुपयांची किमान रक्कम मोकळी होते आणि सांभाळायची एक तारीख कमी होते. दरांत मोठी तफावत असेल, तर मात्र महाग कार्डच आधी धरा.

खरा फायदा क्रमात नाही, दर बदलण्यात आहे. वरच्या दरांनी महिना १२,००० भरत राहिलात तर सगळे फिटायला चौदा-पंधरा महिने लागतात. हेच १,२७,००० वर्षाला १५ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाने फेडले, तर साधारण ११,४६० रुपयांच्या हप्त्यात बारा महिन्यांत मोकळे. प्रक्रिया शुल्क धरूनही तीसेक हजार वाचतात, मुख्यतः दर बराच कमी असल्यामुळे; शिवाय अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटीही नसतो. घरात सोने असेल तर सोनेतारण कर्जाचाही दर विचारा. व्याज घटत्या शिल्लकीवर आहे ना, हे लेखी घ्या. मूळ रकमेवरच शेवटपर्यंत आकारलेला दर दिसायला कमी आणि प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट पडतो. हप्ते थकण्याआधी अर्ज करा, नंतर पतगुणांक घसरतो. रिकामी झालेली कार्डे पुन्हा भरू लागली, तर मात्र कर्ज आणि कार्डे दोन्ही डोक्यावर येतात.

थकल्यावर बँक ‘कमी रकमेत मिटवून टाका’ असे सुचवते. पतअहवालात त्याची नोंद ‘सेटल्ड’ अशी होते आणि पुढच्या गृहकर्जाला ती नडते. म्हणून हा शेवटचाच मार्ग. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आले, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेही विनाशुल्क.

शेवटी एक खाच. पूर्ण बिल भरल्यावरही पुढच्या महिन्यात शे-दोनशेचे बिल येते. बिलाची तारीख आणि आपण पैसे भरल्याची तारीख यांमधल्या दिवसांचे ते व्याज असते. ‘मी तर सगळे फेडले’ म्हणून लोक ते सोडून देतात, आणि त्यावर विलंब शुल्क चढते. तेही भरा, मग कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. थकबाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करायला हवे; त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ती आपल्याला देणे लागते.