पाण्याची वांटणी आणि टिकाऊ विकास

निसर्गाचें रक्षण, संपत्तीची वाढ आणि समाजांतील न्याय हीं तीन उद्दिष्टें एकत्र कशीं नांदावींत, हा प्रश्न १९८७ सालीं ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानें जगापुढें ठळकपणें मांडला. पुढील पिढ्यांच्या सामर्थ्याला धक्का न लावतां आजच्या गरजा भागविणें, ही टिकाऊ विकासाची त्यानें केलेली व्याख्या सर्वमान्य झाली. परंतु पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्याला हाच प्रश्न दुष्काळानें त्यापूर्वींच विचारला होता.

१९७२ च्या अवर्षणांत हा पर्जन्यछायेचा मुलूख होरपळून निघाला. तेथील हाल पाहून पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनीं १९७४ सालीं नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडानें घेतली. उतारावर बांध घालून पावसाचें पाणी अडविलें, तें पाझर तलावांत मुरविलें, खालच्या बाजूस विहीर खणून तें उपसलें. आणि उजाड माळावर धान्य पिकलें.

तथापि पाणी लाभलें म्हणजे प्रश्न सुटला असें होत नाहीं. तें जमिनीच्या मालकीबरोबर गेलें, तर ज्याचें शेत मोठें त्याचा हिस्सा मोठा. भूमिहीन मजूर कोरडाच राहतो. शिवाय पाणी दिसतांच ऊंस येतो. ऊंस पैसा देतो हें खरें. पण तो वर्षभर, कित्येकदां त्याहूनही अधिक काळ, पाणी पीत उभा राहतो आणि शेजाऱ्याची ज्वारी एका पाळीवांचून करपते.

यावर ‘पाणी पंचायती’नें केलेले नियम साधे होते. पाणी जमिनीप्रमाणें नव्हे, तर घरांतील माणसांप्रमाणें मिळावें: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांपर्यंतच. भूमिहीनालाही हिस्सा असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊं नये. उंसासारखीं पिकें घेऊं नयेत. खर्चाचा पांचवा भाग लाभधारकांनींच उभा करावा.

या नियमांत त्याग होताच. मोठ्या शेतकऱ्याला उंसाच्या रोख उत्पन्नावर पाणी सोडावें लागे, आणि तो मोह आवरणें सोपें नव्हतें. पण एका उंसाच्या फडाला लागणाऱ्या पाण्यांत अनेक घरांची ज्वारी पिकते, हाही हिशेबच आहे. विकासाचीं तीन उद्दिष्टें तीन निराळ्या वह्यांत मांडून त्यांचा मेळ बसत नाहीं. आधीं वांटणीचा न्याय ठरला, म्हणजे कोणतें पीक घ्यावें आणि किती पाणी राखावें, हें त्याच्याच ओघानें ठरतें.