मॉर्मन प्रचारकाचा आठवडा

यूटा येथें मुख्य ठाणें असलेल्या मॉर्मन पंथाचे अनेक मुलगे १८ वर्षांचे झाल्यावर, बहुधा कुटुंबाच्या खर्चानें, २ वर्षें प्रचारास जातात. स्थळ मंडळी ठरविते. सोबत्यास एकटें सोडूं नये, हा दंडक. अभ्यास, भेटी व सेवा यांत आठवडा सरतो, रविवारीं उपासना. एक दिवस तयारीचा: कपडे धुणें, बाजारहाट, घरीं पत्र. २०१९ पूर्वीं घरच्यांशीं फोनवर बोलणें वर्षांतून दोनदांच होई. त्या वर्षापासून दर आठवड्यास मुभा मिळाली.

त्यांचे सिद्धान्त आम्हांस मान्य नाहींत. तथापि, विद्यार्थ्यांनो, एक दार बंद होतांच न रागावतां दुसरें ठोठावणारा तो मुलगा पाहून, आपल्या श्रद्धेसाठीं आम्ही आठवड्याच्या किती घटका देतों, हा प्रश्न आम्हांसच टोंचतो.